एफ-टेस्टमधला 'एफ'

एम-थ्रीच्या पुस्तकाच्या शेवटी आकड्यांनी गच्च भरलेलं एफ-टेबल असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण ते उघडतो आणि लगेच मिटतो. त्यातला 'एफ' म्हणजे रोनाल्ड फिशर. अमेरिकेच्या स्नेडेकर यांनी हे अक्षर त्यांच्या सन्मानार्थ दिलं.

फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमध्ये झाला. डोळे इतके अधू की शाळेत असताना दिव्याखाली वाचायची मनाई होती. शिकवणी कागद-पेन्सिलीशिवाय चाले, सगळ्या आकृत्या डोक्यातच. पुढेही ते मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहीत. (आपण लिहिलं तर मार्क कापतात!)

नजरेमुळेच सैन्यात घेतलं नाही. काही वर्षं मास्तरकी करून १९१९ मध्ये ते रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आले. तिथे १८४३ पासूनच्या खत-प्रयोगांचे आकडे पडून होते. पीक वाढलं ते खतामुळे, की पावसामुळे, की जमीनच चांगली म्हणून? फिशर यांनी आकड्यांमधला एकूण फरक फोडला. गटागटांमधला वेगळा, गटाच्या आतला वेगळा, आणि दोन्हींचं गुणोत्तर काढलं. हाच अनोव्हा. १९२५ च्या त्यांच्या पुस्तकामुळे तो सर्वत्र पोचला.

डॉक्टरांनाही तो हवाच होता. समजा, रक्तदाबाची तीन औषधं तीन गटांना दिली. सरासऱ्या वेगळ्या येणारच, पण एकाच गटातले पेशंट तरी कुठे सारखे असतात? दोन-दोन गटांची जोडी लावत बसलं तर निव्वळ योगायोगाने फरक सापडायची शक्यता वाढत जाते. अनोव्हा एकाच चाचणीत सांगतो, कुठेतरी फरक आहे की नाही. नेमका कुठे, ते पुढे वेगळं शोधावं लागतं.

गट चिठ्ठ्या टाकून पाडा, हा आग्रहही फिशर यांचाच. ब्रॅडफर्ड हिल यांनी १९४८ च्या क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन चाचणीत रुग्णांचे गट तसेच पाडले. याच हिल यांनी डॉल यांच्यासोबत १९५० मध्ये सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, तेव्हा मात्र फिशर आडवे आले! म्हणे, ओढणारे आणि न ओढणारे काही चिठ्ठ्या टाकून ठरलेले नाहीत. सिगारेटची ओढ आणि कॅन्सर, दोन्ही आनुवंशिकतेतूनच येत असतील. शंका रास्त होती, पण पुरावा साचत गेला तरी साहेब हटले नाहीत. ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू कंपन्यांच्या समितीचे सल्लागारही होते. इतका मोठा माणूस इथे चुकला, आणि विषय लोकांच्या जिवाचा होता.

२९ जुलै १९६२ रोजी ॲडलेडमध्ये, आतड्याच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. केंब्रिजमधल्या त्यांच्या कॉलेजात त्यांच्या आठवणीसाठी लॅटिन स्क्वेअरची रंगीत काच बसवली होती. माणसांची 'पैदास सुधारण्याच्या' त्यांच्या मतांवरून २०२० मध्ये ती काढायचं ठरलं.