साक्रीच्या पवनचक्कीचं पातं दुमडत नाही, त्यामागे १७४४ सालचं गणित आहे

धुळे जिल्ह्यात साक्रीकडे, ब्राह्मणवेल परिसरात गेलात की पवनचक्क्याच पवनचक्क्या. लांबून पातं भरीव वाटतं, पण आतून ते बरंचसं पोकळ असतं. वाऱ्याने पातं वाकलं की एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. आणि पातळ कवच दाबलं गेलं की तुटायच्या आधीच दुमडतं.

याला म्हणतात बकलिंग. प्लास्टिकची पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून बोटाने दाबा. पट्टी तुटत नाही, पोट काढून बाजूला वाकते.

ती नेमकी किती भाराला वाकणार, याचं गणित पहिल्यांदा मांडलं लिओनार्ड ऑयलरने.

गडी जन्मला १५ एप्रिल १७०७ ला, स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, पोरानेही तेच करावं ही इच्छा. पण शहरातले मोठे गणितज्ञ योहान बर्नूली यांनी वडिलांची समजूत काढली. (आपल्याकडे हेडमास्तर घरी येऊन बापाला समजावतात, तसाच प्रकार.) विशीत ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला पोहोचला. १७३८ मध्ये उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ मध्ये तो बर्लिनला आला.

तिथे असताना योहान यांचा मुलगा डॅनिएल याने पत्रातून एक कल्पना सुचवली. त्यावरून ऑयलरने वाकणाऱ्या पट्ट्यांचा अभ्यास केला आणि १७४४ च्या पुस्तकाला परिशिष्ट म्हणून जोडला. हिशोब असा निघाला की खांबाची लांबी दुप्पट केली तर तो पेलू शकणारा भार निम्मा नाही, थेट पाव होतो. आणखी एक गंमत म्हणजे सडपातळ खांबाच्या बाबतीत माल किती मजबूत आहे याला या सूत्रात जागाच नाही. माल किती ताठ आहे आणि छेदाचा आकार कसा आहे, एवढंच बघायचं.

तेव्हा हे फारसं कुणाच्या कामाला आलं नाही. बांधकामं जाडजूड दगडी आणि लाकडी होती, ती कशाला वाकतील? पुढच्या शतकात लोखंडाचे बारीक खांब आले तेव्हा इंजिनिअर लोकांना ऑयलर आठवला.

१७६६ मध्ये तो पीटर्सबर्गला परतला आणि काही वर्षांतच दुसरा डोळाही जवळपास गेला. १७७१ मध्ये घर जळालं. तरी तो तोंडी सांगत राहिला, बाकीचे लिहून घेत राहिले. १७७८ मध्ये त्याने परत खांबाचा विषय काढला: स्वतःच्याच वजनाने वाकून पडण्याआधी खांब किती उंच जाऊ शकतो?

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हा प्रश्न नवीन नाही. वर घडाचं ओझं, त्यात मे-जूनचं वादळ, की अख्खी बाग आडवी. म्हणून आपण बांबूचा टेकू लावतो. टेकूने खोडाची मोकळी लांबी कमी होते, म्हणजे ऑयलरच्या सूत्रातली लांबीच आपण कापत असतो.

केळीने स्वतःही सोय केलेली आहे. सोपट आडवं कापून बघा. दोन पातळ कातड्या, मध्ये हवेचे कप्पे आणि त्यांना धरून ठेवणारे पडदे. पवनचक्कीच्या पात्याच्या कवचातही हेच आहे: दोन्हीकडे काचतंतूंचे थर, मध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम. याला सँडविच पॅनेल म्हणतात. दोन थरांमधलं अंतर दुप्पट केलं की ताठपणा साधारण चौपट होतो, आणि मधला माल हलका असल्याने वजन थोडंच वाढतं. अट एकच, मधला थर कातडीपासून सुटता कामा नये. तो सुटला की उरतात दोन सुट्या पातळ पट्ट्या, टेबलावर दाबलेल्या पट्टीसारख्या.

ऑयलरला अर्थात हे काही बघायला मिळालं नाही. १८ सप्टेंबर १७८३ ला, ७६ व्या वर्षी तो गेला. फ्रान्समध्ये त्याच वर्षी बलून उडाले होते. त्याच्या पाटीवर शेवटचं गणित होतं ते बलूनच्या उड्डाणाचं.