डॉ. वसंत रामजी खानोलकर

विद्यार्थी मित्रांनो, रुग्णाला चढवायच्या रक्ताच्या पिशवीवर दात्याची जात किंवा धर्म लिहिलेला नसतो. रक्तगट तेवढा असतो. या रक्तगटांचा आणि कर्करोगाचा ज्यांनी मुंबईत कसून अभ्यास केला, त्या डॉ. खानोलकरांचा हा अल्प परिचय.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी घेऊन त्यांनी पुढे मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. डॉ. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा जातिसमूहांचे रक्त तपासून १९४९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गटांचे प्रमाण कमी-अधिक होते. पण ए, बी, ओ हे गट सर्वांतच होते. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते निवर्तले.

पुढे १९८३ मध्ये याच रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. अशा उपचारांत रुग्णाची स्वतःची मज्जा काही काळ निकामी होते. तोवर लाल पेशी आणि प्लेटलेट दात्यांकडूनच मिळवाव्या लागतात.

पालकहो, शिरपूरचा निरोगी मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर रक्तदान करते म्हणाली, तर अशक्तपणाच्या भीतीने अडवू नका. दिलेले रक्त शरीर पुन्हा भरून काढते. गेलेला जीव मात्र परत येत नाही.