समुद्राने राखलेले नाव

आमच्या गावी ‘विधवा’ हा शब्द अजून खालच्या आवाजात उच्चारतात. म्हणूनच, ज्या बाईंनी तो आपल्या पेढीच्या नावात घातला, त्यांच्याविषयी मला कुतूहल वाटले.

बार्ब-निकोल पोंसार्दँ यांचा जन्म १७७७ साली फ्रान्समधील रँस येथे झाला. १८०५ साली पती फ्रान्स्वा क्लिको वारले. वय २७, पदरी लहान मुलगी. त्या काळच्या फ्रेंच कायद्याने सधवेला पतीच्या संमतीवाचून व्यापार करता येत नसे, विधवेला येई. बाईंनी सासऱ्यांची संमती मिळवून शॅम्पेनची पेढी हाती घेतली. १८१० साली तिच्या नावात ‘व्हव’, म्हणजे विधवा, हा शब्द आला. भोके पाडलेल्या मेजावर बाटल्या उलट्या ठेवून, त्या फिरवीत गाळ बुचाशी आणण्याची रीतही १८१६ च्या सुमारास त्यांच्याच तळघरात निघाली. १८६६ साली त्या वारल्या.

२०१० साली बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ओलान्द बेटांजवळ, बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या सापडल्या. त्यांत काही क्लिकोबाईंच्या पेढीच्या होत्या. तळाच्या थंडीमुळे व अंधारामुळे सुमारे १७० वर्षांनंतरही त्यांतील मद्य पिण्याजोगे राहिले होते. २०१४ साली पेढीने मुद्दाम त्याच समुद्रात ३५० बाटल्या मुरत ठेवल्या.

आमच्याकडे ज्या शब्दाने बाईची दारे मिटतात, त्याच शब्दाने या बाईंनी आपले दार उघडले.