समुद्र सगळा धूर गिळेल, हा समज मोडणारे रॉजर रेव्हेल

आपल्या गाड्या आणि कारखाने जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. पण हे कळतं कसं? समुद्राला विजेसारखा मीटर थोडाच लावलाय! त्यासाठी वेगवेगळ्या देशांची जहाजं ठरलेल्या मार्गाने जातात, पाण्याचे नमुने घेतात, ते एकाच पद्धतीने तपासतात आणि आकडे एकत्र करतात. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना असं एकत्र आणणाऱ्यांमध्ये अमेरिकेचे रॉजर रेव्हेल हे मोठं नाव.

रेव्हेल यांचा जन्म ७ मार्च १९०९ चा, सिएटलचा. शिकले भूगर्भशास्त्र. १९३१ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत आले आणि त्यांच्या वाट्याला आला चक्क चिखल! 'कार्नेगी' नावाच्या जहाजाने पॅसिफिकच्या तळातून आणलेला हा गाळ त्यांना तपासायचा होता. या अभ्यासावर १९३६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. समुद्राच्या पाण्यात कार्बन कसा वागतो, या प्रश्नाशी त्यांची ओळख इथेच झाली. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते, आणि नंतर १९६४ पर्यंत स्क्रिप्सचे संचालक.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ निवांत होते. माणूस कितीही कोळसा जाळू दे, त्यातला जवळजवळ सगळा कार्बन समुद्र गिळून टाकेल, असा सर्वसाधारण समज होता. एवढा अफाट समुद्र, त्याला काय अशक्य?

१९५७ मध्ये रेव्हेल आणि हान्स स्युस यांचा एक शोधनिबंध आला. हवेतला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू साधारण १० वर्षांत समुद्रात शिरतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे काळजी मिटली? नाही! विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची पाण्यातल्या कार्बोनेटशी क्रिया होऊन बायकार्बोनेट तयार होतं. पण कार्बोनेटचा साठा मर्यादित आहे. तो कमी होत जातो तशी समुद्राची आणखी वायू घेण्याची ताकदही घटते. हवेत हा वायू १० टक्क्यांनी वाढला, तर समुद्राच्या वरच्या थरातला कार्बन वाढतो जेमतेम १ टक्का. या प्रमाणाला आज 'रेव्हेल फॅक्टर' म्हणतात.

गंमत म्हणजे हा मुद्दा त्यांनी निबंधात अगदी शेवटी शेवटी घातला. बाकीचा मजकूर बराचसा तसाच राहिला, त्यामुळे वाचणाऱ्याला धोक्याचा पूर्ण अंदाज येत नव्हता.

आता हवेत नक्की किती वायू साठतोय, हे मोजायला हवं होतं. रेव्हेल यांनी चार्ल्स कीलिंग या तरुण शास्त्रज्ञाला स्क्रिप्समध्ये आणलं. रेव्हेल यांचा विचार असा, की जगभर एकदा मोजायचं आणि वीसेक वर्षांनी पुन्हा. कीलिंगना मात्र एका जागी सतत मोजायचं होतं. इथे शिष्यच बरोबर निघाला. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर सुरू झालेल्या नोंदींत सुरुवातीला १० लाखांत सुमारे ३१३ भाग इतका कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या पुढे गेलाय.

पर्वतावर एक यंत्र ठेवून हवेचा अंदाज येतो. समुद्राचं तसं नाही. जागा बदलली, खोली बदलली की आकडा बदलतो. एवढं काम एका देशाच्या आवाक्याबाहेरचं. १९५७ मध्येच समुद्र संशोधनासाठी 'स्कोर' ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले रेव्हेल. १९६० मध्ये युनेस्कोच्या छत्राखाली आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोग आला. हे सगळं शीतयुद्ध ऐन भरात असताना, बरं का!

'स्कोर'ने पहिला मोठा घाट घातला तो आपल्याच अंगणात. हिंदी महासागराचा तेव्हा फारच कमी अभ्यास झाला होता. १९५९ ते १९६५ या काळातल्या मोहिमेत अनेक देशांची जहाजं उतरली, त्यात भारतीय नौदलाची 'आयएनएस किस्तना'ही होती. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली, जिचं मुख्यालय आज गोव्यात दोना पावला इथे आहे. त्याच सुमारास रेव्हेल भारताच्या कोठारी शिक्षण आयोगाचेही सदस्य होते!

जहाजं एकत्र आली तरी आकडे जुळायला हवेत. एका प्रयोगशाळेचं मोजमाप दुसरीपेक्षा थोडं जरी वेगळं असलं, तरी समुद्र बदलला की उपकरण चुकलं, हेच कळत नाही. पुढे स्क्रिप्समध्येच कार्बनचं प्रमाण नेमकं ठाऊक असलेलं समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून जगभर पाठवलं जाऊ लागलं. त्या पाण्यावर प्रत्येक जण आपलं मोजमाप पडताळतो. १९७९ मध्ये 'स्कोर' आणि आयोगाने हवामानबदल व समुद्र यावर संयुक्त समिती नेमली, तिचंही अध्यक्षपद रेव्हेल यांच्याकडे आलं. आज जगभरच्या समुद्री कार्बन मोजणीचा मेळ घालणारा आंतरराष्ट्रीय प्रकल्प याच दोन संस्थांच्या आधाराने चालतो.

१५ जुलै १९९१ रोजी रेव्हेल गेले. १९९६ पासून त्यांच्या नावाचं जहाज समुद्रात फिरतंय. २००७ मध्ये त्याने हिंदी महासागरात एका ठरलेल्या रेषेवर पाणी तपासलं आणि २०१६ मध्ये पुन्हा त्याच रेषेवर जाऊन नव्याने मोजणी केली.