बालकांच्या कैवारी ताराबाई मोडक

मूल हट्टी आहे, घुमे आहे, कुणाशी मिसळत नाही, अशी तक्रार पालक शाळेकडे नेतात आणि शाळा तीच तक्रार पालकांकडे परत पाठविते. या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या बालकाची बाजू मराठी समाजापुढे आयुष्यभर मांडली ती कै. ताराबाई मोडक यांनी.

त्यांचा जन्म मुंबईस १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी असताना गिजुभाई बधेका यांच्या कार्याकडे त्यांचे मन ओढले गेले, आणि ती मानाची जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. (नोकरीतच केस पिकलेल्या आम्हांस या धैर्याचे मोल विशेष जाणवते.)

भावनगरच्या बालमंदिरात छडी नव्हती, तसे बक्षीसही नव्हते. शिक्षेने मूल भित्रे वा कोडगे होते आणि बक्षिसाने लालची, ही मादाम माँटेसरींच्या विचारातून आलेली धारणा ताराबाईंनी आपलीशी केली. आदळआपट करणाऱ्या मुलाच्या हातास त्याच्या आवडीचे काम द्यावे व मध्ये लुडबूड करू नये, म्हणजे ते हळूहळू निवते, असा या पद्धतीचा अनुभव होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार. ‘बालकांचा हट्ट’ आणि ‘बिचारी बालके’ या त्यांच्या पुस्तकांच्या नावांवरूनच त्यांचा कल ध्यानी येतो. बदलीपायी ऐन सत्रात दिल्लीच्या नव्या शाळेत पडलेले आमचे एखादे मूल जेव्हा अबोल होते, तेव्हा त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या भोवतालाची झडती घ्यावी, हे आम्हांस त्यांच्याकडूनच उमगते.

१९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ यांची साथ लाभली. आदिवासी मुले बुजून बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. १९५७ पासून कोसबाड हे कार्यक्षेत्र झाले व तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरू लागली. १९६२ साली त्यांस पद्मभूषण किताब मिळाला.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई निवर्तल्या. दोनच वर्षांनी केंद्र सरकारने सुरू केलेल्या बालविकास योजनेची केंद्रे अंगणवाडी याच नावाने देशभर उभी राहिली. आमच्या या राजधानीत मात्र १९७३ च्याच शालेय शिक्षण नियमांत शारीरिक शिक्षेस मुभा होती. ती दिल्ली उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २००० रोजी रद्द केली. भावनगरच्या बालमंदिराने छडी टाकून दिली त्यास तोवर पाऊणशे वर्षे उलटून गेली होती.