लहानग्या लेकीसाठी पंडिता रमाबाई इंग्लंडमधल्या सिस्टर्सशी का भांडल्या होत्या?

मुलांना धाकात ठेवायचं की विश्वासात घ्यायचं? 'जेंटल पॅरेंटिंग'च्या रील्समुळे हा प्रश्न सध्या घराघरात पोहोचलाय. पण सुमारे १४० वर्षांपूर्वी एका मराठी आईला हाच प्रश्न परक्या देशात पडला होता. ती विधवा होती, नुकतीच ख्रिस्ती झाली होती आणि तिच्या मुलीला चांगलं ख्रिस्ती कसं बनवायचं, हे ठरवायला इतर लोक पुढे आले होते.

ही आई म्हणजे पंडिता रमाबाई.

पहाटेची शाळा

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवणं पाप समजलं जायचं, त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. याच लक्ष्मीबाई पुढे रमाबाईंच्या गुरू झाल्या.

दिवसभर कामाचा रगाडा असायचा, म्हणून धडे पहाटे व्हायचे. आई झोपलेल्या रमेला लाडाने उठवायची, गोड बोलून जागं करायची आणि मग पाठांतर सुरू. पुस्तक नाही, सगळं आईच्या तोंडून. याच पद्धतीने रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले. पुढे १८८७ मध्ये अमेरिकेत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं, ते त्यांनी आईच्याच स्मृतीला अर्पण केलं.

हे सुख फार काळ टिकलं नाही. दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि ती वर्षाचीही झाली नव्हती, तेव्हा कॉलऱ्याने बिपिनबाबूंचा मृत्यू झाला.

कडेवर मूल घेऊन इंग्लंडला

रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं. या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाचा खर्च उभा राहिला आणि एप्रिल १८८३ मध्ये त्या दोन वर्षांच्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला निघाल्या. मुक्काम होता वाँटेज गावी, सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात. २९ सप्टेंबर १८८३ ला माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथूनच संघर्ष सुरू झाला. रमाबाईंची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे होती. रमाबाईंचं त्यांच्यावर प्रेम होतं, त्या त्यांना आजीबाई म्हणायच्या. पण आज्ञापालन हा मठाच्या जीवनाचा पायाच. रमाबाई मात्र बाप्तिस्मा घेऊनही प्रश्न विचारत राहिल्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं. त्यांनी शाकाहारही सोडला नाही.

पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू आणि शिकवू लागल्या. मनोरमा काही काळ वाँटेजला सिस्टर्सकडे राहिली. तिला चर्चच्या शिकवणीत काटेकोरपणे वाढवावं, असं सिस्टर्सना वाटत होतं. रमाबाईंनी पत्रं लिहून याला विरोध केला. जे आपल्यालाच अजून पटलेलं नाही, ते लहान मुलीकडून वदवून घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. तिला काय शिकवायचं, हे ठरवण्याचा हक्क आईचा आहे, हे त्यांनी स्पष्ट कळवलं.

दुसरा मुद्दा देशाचा होता. मनोरमाने आपल्या माणसांवर त्यांच्यातलीच एक होऊन प्रेम करावं, स्वतःला वरचढ समजू नये आणि भारताचं नाव निघताच तिला लाज वाटू नये, असं रमाबाईंना वाटत होतं. सिस्टर जेराल्डिन यांना यात हट्ट आणि अहंकार दिसला. ही पत्रं सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवली आणि १९७७ मध्ये ती पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली.

हक्क सांगणाऱ्या या आईला लेकीजवळ कायम राहता मात्र आलं नाही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. मनोरमाही सोबत होती. पण विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायला देशभर दौरे करावे लागणार होते. त्यामुळे मनोरमाला पुन्हा वाँटेजला पाठवावं लागलं, ज्यांच्याशी वाद घातला त्याच सिस्टर्सकडे.

दार उघडं ठेवलं आणि वादळ आलं

मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. इथे धर्माची सक्ती नव्हती. विधवा मुलींना आपापल्या रीती पाळायची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमासोबत प्रार्थना करायच्या, पण दार बंद करत नसत. ज्या मुलींना यावंसं वाटे, त्या येऊन बसत.

यावरून पुण्यात गदारोळ उठला. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं: आम्ही कुणाला बोलावत नाही, पण येणाऱ्यांना अडवणारही नाही. पालकांची बाजूही समजण्यासारखी होती. आपल्या लेकीला कोणता धर्म शिकवायचा हे आपण ठरवणार, हा जो हक्क रमाबाईंनी वाँटेजमध्ये मागितला, तोच हे पालक मागत होते. आणि ज्या बाईंवर मुलींचा जीव आहे, त्यांच्या खोलीचं उघडं दार हेही मोठं आमंत्रण असतं.

मनोरमाचं काय झालं?

शारदा सदनात विधवा मुलींमध्ये वावरल्यावर मनोरमा शिक्षणासाठी पुन्हा इंग्लंड आणि अमेरिकेला गेली. तिथे स्थायिक होणं तिला अवघड नव्हतं. पण ती परत आली. दौंडजवळच्या केडगावला रमाबाईंनी मुक्ती सदन उभारलं होतं, दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली तिथे होत्या. मनोरमाबाई आईच्या उजव्या हात बनल्या. त्यांनी शारदा सदनाचं मुख्याध्यापकपद सांभाळलं, अंध मुलींना ब्रेल शिकवलं.

आपल्यानंतर लेक हे काम पुढे नेईल, अशी रमाबाईंची आशा होती. पण जुलै १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी मनोरमाबाईंचं मिरजेत निधन झालं. त्या वेळी रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम संपवत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावात त्यांनीही जगाचा निरोप घेतला.

लेकीने आपल्या माणसांना परकं मानू नये, एवढीच रमाबाईंची वाँटेजमध्ये मागणी होती. ती मनोरमाबाईंनी केडगावात राहून पूर्ण केली.