मागे सरकणारा जगज्जेता

२२ सप्टेंबर १९२७. शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर एक लाखाहून जास्त माणसं जमली होती. सातव्या फेरीत जॅक डेम्प्सीचे ठोसे एकामागून एक बसत गेले आणि हेवीवेट जगज्जेता जीन टनी दोरांना टेकून खाली बसला. एक हात दोरावर, नजर हरवलेली. आख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत तो असा पहिल्यांदाच पडला होता, आणि शेवटचाच. पडलेला माणूस दहा आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही तर खेळ खलास. टनी नवाला उठला. पण घड्याळाच्या हिशेबाने तोवर तेरा-चौदा सेकंद उलटून गेले होते!

बॉक्सिंगच्या इतिहासात ही लांबलेली मोजणी आजही गाजते. टनी हरलाच होता, पंचांनी त्याला वाचवलं, असं म्हणणारे अजून भेटतात. या वादात एक गोष्ट मात्र बाजूला राहते. उठल्यानंतर टनीने काय केलं, आणि ते तो कुठे शिकला? ते समजून घ्यायचं तर त्याच्या आयुष्यात थोडं मागे जावं लागेल.

जेम्स जोसेफ टनीचा जन्म २५ मे १८९७ चा, न्यूयॉर्कमधला. आईवडील आयर्लंडहून आलेले कॅथलिक. वडील गोदीत माल चढवायचे-उतरवायचे. घरात खाणारी तोंडं पुष्कळ आणि मिळकत बेताची. धाकट्या भावंडाला 'जिम' म्हणता येईना, त्यातून 'जीन' झालं आणि तेच नाव कायम राहिलं. कॅथलिक शाळेत शिकून तो एका जहाज कंपनीत कारकून म्हणून लागला. संध्याकाळी बॉक्सिंग. १९१५ पासून पैसे घेऊन लढू लागला, पण तेव्हा त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

१९१८ मध्ये तो अमेरिकेच्या मरीन दलात भरती झाला आणि फ्रान्सला गेला. तिथे एका सोबत्याकडून शेक्सपिअरचं 'द विंटर्स टेल' हे नाटक त्याच्या हाती पडलं. आता, शेक्सपिअरची सुरुवात करायला हे नाटक काही सोपं नाही. पहिल्या वाचनात त्याला ते समजेना. त्याने पुस्तक परत केलं नाही, पुन्हा वाचलं. मग पुन्हा. समजेपर्यंत वाचत राहिला. पुढे रिंगणातही त्याची हीच रीत दिसते. १९१९ मध्ये फ्रान्समधल्या अमेरिकन सैन्याचं लाइट हेवीवेट विजेतेपद त्याने मिळवलं.

त्याच वर्षी ४ जुलैला ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी भर उन्हात जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला लोळवलं. विलार्ड साडेसहा फूट उंचीचा धिप्पाड जगज्जेता. पहिल्याच फेरीत डेम्प्सीने त्याला सात वेळा खाली पाडलं. डेम्प्सी कोलोरॅडोतल्या मनासा गावचा, गरीब घरातला. पोरवयात मालगाड्यांखाली लटकून गावोगाव फिरला, खाणकामगारांच्या वस्त्यांत आणि दारूच्या गुत्त्यांत चार पैशांसाठी मारामाऱ्या केल्या. जबडा बळकट व्हावा म्हणून झाडाचा चीक चघळायचा, चेहऱ्याची कातडी निबर व्हावी म्हणून खाऱ्या पाण्याने तोंड धुवायचा. पोटाच्या भुकेने घडवलेला हा माणूस. लोकांना तो मनापासून आवडायचा, कारण त्याच्या लढतीत पापणी लवायची सोय नव्हती.

पण डेम्प्सी म्हणजे नुसता दांडगा गडी, असं समजणं चूक ठरेल. त्याची विद्या पक्की होती. तो गुडघ्यांत वाकून, डोकं सतत डावी-उजवीकडे आणि खाली-वर हलवत पुढे यायचा. समोरच्याचा सरळ ठोसा डोक्यावरून निघून जायचा आणि तोवर डेम्प्सी त्याच्या छातीशी भिडलेला असायचा. तिथून आखूड अंतराचे, कोपरात वाकवलेले ठोसे सुरू. त्यातला डावा हुक फार घातक. त्याचा जोर निव्वळ दंडातला नव्हता. पुढचं पाऊल टाकताना तो सगळं शरीर क्षणभर पुढे पडू द्यायचा आणि ते वजन जमिनीवर येण्याआधीच मुठीतून समोरच्याच्या अंगावर उतरवायचा. १९५० मध्ये त्याने बॉक्सिंगवर जे पुस्तक लिहिलं, त्यात हे पडतं पाऊल त्याने नीट समजावून सांगितलं आहे.

टनीची ठेवण याच्या अगदी उलटी. उभा सरळ राहायचा, अंतर राखून. डाव्या हाताचा सरळ जॅब, त्यामागून उजवा. मुख्य भरवसा पायांवर. समोरचा जवळ आलाच तर त्याचे हात मिठीत अडकवून ठेवायचे, पंचांनी सोडवलं की पुन्हा लांब जायचं. बघणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटे. त्यात टनीचे हात नाजूक, वरचेवर दुखावणारे. मुठी बळकट व्हाव्यात म्हणून तो कॅनडाच्या जंगलात जाऊन लाकूडतोड्याचं काम करून आला.

जानेवारी १९२२ मध्ये बॅटलिंग लेव्हिन्स्कीला हरवून तो अमेरिकेचा लाइट हेवीवेट विजेता झाला. आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असतानाच २३ मे उजाडला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये समोर होता पिट्सबर्गचा हॅरी ग्रेब. टनीपेक्षा बुटका, वजनाने हलका, पण हात पवनचक्कीसारखे फिरणारे. पहिल्याच फेरीत टनीचं नाक मोडलं. भुवई फाटली. पंधरा फेऱ्या तो रक्त गिळत उभा राहिला आणि विजेतेपद गमावून बसला. व्यावसायिक आयुष्यातला हा त्याचा एकमेव पराभव.

असा मार खाल्लेला माणूस शहाणा असेल तर वाट बदलतो. टनी अंथरुणातून उठला आणि त्याने ग्रेबला पुन्हा आव्हान दिलं. मार खातानाच त्याला काहीतरी उमगलं होतं. लाइटवेट विजेता बेनी लेनर्ड याचा सल्ला त्याने घेतला: ग्रेबच्या हलत्या डोक्यामागे धावू नकोस, अंगावर मार. फेब्रुवारी १९२३ मध्ये टनीने विजेतेपद परत मिळवलं. त्या निकालावर बराच आरडाओरडा झाला. म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा लढला आणि या वेळी स्वच्छ जिंकला. पुढे १९२४ आणि १९२५ मध्येही दोघे भिडले. एकूण पाच लढती. न समजलेलं नाटक पुन्हा पुन्हा वाचावं तसा त्याने ग्रेब वाचला. पाचव्या वेळी ग्रेबकडे त्याला दाखवायला नवीन काही उरलं नव्हतं.

डेम्प्सीचं वाचन तर त्याआधीच सुरू झालं होतं. २ जुलै १९२१ ला जर्सी सिटीत डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए यांची लढत झाली. दहा लाख डॉलरवर तिकीटविक्री झालेली बॉक्सिंगची ही पहिली लढत. त्याच दिवशी त्याच रिंगणात आधीच्या एका छोट्या लढतीत टनी खेळला होता. चौथ्या फेरीत कार्पेंतिए गारद झाला. मात्र दुसऱ्या फेरीत त्याचा एक सरळ उजवा डेम्प्सीच्या गालावर उंच बसला होता आणि डेम्प्सी डळमळला होता. त्या फटक्यात कार्पेंतिएचा अंगठाच मोडला, त्यामुळे पुढे काही घडलं नाही. हजारोंनी ते पाहिलं आणि विसरले. टनीने ते जपून ठेवलं. वाकून येणाऱ्या डेम्प्सीला सरळ, उंच उजवा लागू शकतो, एवढं त्याने मनात टिपलं.

पाच वर्षांनी संधी आली. २३ सप्टेंबर १९२६, फिलाडेल्फिया. पाऊस पडत होता आणि एक लाख वीस हजारांवर लोक भिजत बसले होते. टनी जिंकेल असं फार थोड्यांना वाटत होतं. त्या मोजक्या जाणकारांत हॅरी ग्रेब होता. लढतीच्या तयारीसाठी मुक्कामाला असताना टनी सॅम्युअल बटलरची कादंबरी वाचताना सापडला, तेव्हा तर वर्तमानपत्रांना चेष्टेला विषयच मिळाला. पुस्तकं वाचणारा गडी डेम्प्सीसमोर काय टिकणार?

पहिल्याच फेरीत तो जपलेला उजवा डेम्प्सीच्या गालावर बसला. त्यानंतर दहा फेऱ्या टनी जॅब मारत, अंतर राखत, गोल फिरत राहिला. डेम्प्सीचा चेहरा सुजला, एक डोळा जवळजवळ मिटला. निकाल एकमताने टनीच्या बाजूने लागला. इथे न्यायाने बोलायला हवं. डेम्प्सी तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि तीन वर्षं त्याने विजेतेपदाची एकही लढत खेळली नव्हती. विलार्डला लोळवणारा डेम्प्सी टनीला कधीच भेटला नाही.

महिनाभरात, २२ ऑक्टोबरला, हॅरी ग्रेब शस्त्रक्रियेनंतर दगावला. अवघा बत्तीस वर्षांचा. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नवा जगज्जेता टनी होता.

आता पुन्हा शिकागोला येऊ. इलिनॉय राज्यात नियम होता की प्रतिस्पर्धी खाली पडला तर पाडणाऱ्याने लांबच्या रिकाम्या कोपऱ्यात जायचं; तो जाईपर्यंत मोजणी सुरू होणार नाही. लढतीआधी दोघांनाही हे सांगितलेलं होतं. पण डेम्प्सीची जुनी सवय पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहण्याची. त्या रात्री टनी पडला तेव्हाही तो तिथेच थबकला. पंच डेव्ह बॅरी यांनी त्याला कोपऱ्याकडे हाकललं आणि मग एकपासून मोजायला सुरुवात केली. ज्या सवयीने डेम्प्सीला मोठं केलं, तिनेच त्याची वेळ खाल्ली.

टनी नवाला उठला. आपण त्याआधीही उठू शकलो असतो, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. खरं-खोटं देव जाणे. पण उठल्यावर जे घडलं ते सगळ्यांनी पाहिलं. तो मागे सरकू लागला. घाबरून पळणारा माणूस पाय आडवे टाकतो, तोल घालवतो, दोरांवर अडकतो. टनीचे पाय एकदाही अडखळले नाहीत. तो डावीकडे वळत, मागे जात, वीस फुटांचं ते रिंगण पुरेपूर वापरत राहिला. सराव करताना तो रस्त्यावर उलटा धावायचा. इतरांनी पळायचं ते पुढे, हा मागे. लोक हसायचे. आता जगज्जेतेपद त्या उलट्या धावण्यावर तोललेलं होतं. पाठलाग करून वैतागलेला डेम्प्सी एका क्षणी थांबला आणि हाताने खुणावू लागला, ये, समोर येऊन लढ. टनी गेला नाही. आठव्या फेरीत डोकं ताळ्यावर आल्यावर मात्र त्याच टनीने डेम्प्सीला क्षणभर खाली टेकवलं. दहा फेऱ्या संपल्या, आणि निकाल पुन्हा टनीचा.

मग तंत्रात श्रेष्ठ कोण? ठोशाचा जोर, आखूड अंतरावरची चपळाई, आत शिरण्याची कला यांत डेम्प्सीला तोड नव्हती. अंतराचा अंदाज, पावलांची शिस्त, लढत पुढे कशी वळेल याची समज यांत टनी वरचढ होता. डेम्प्सीचं तंत्र समोरच्याला पाडण्यासाठी होतं. टनीच्या तंत्रात स्वतः पडल्यावर काय करायचं याचीही तयारी होती, आणि ती त्याला ग्रेबच्या हातून मिळाली होती. माझ्या मते दोन लढतींमधला फरक एवढाच. टाळ्या मात्र डेम्प्सीला मिळाल्या. हरून तो पूर्वीपेक्षा लाडका झाला, आणि जिंकूनही टनीवर लोकांनी तसं प्रेम केलं नाही.

टनीने त्याची फार खंत केली नाही. १९२८ च्या वसंतात येल विद्यापीठात त्याने विद्यार्थ्यांपुढे शेक्सपिअरवर व्याख्यान दिलं. जुलैमध्ये टॉम हीनीला हरवून जगज्जेता असतानाच तो निवृत्त झाला. कुठे थांबायचं हेही अंतर मोजण्याचंच काम. त्याच वर्षी रोममध्ये त्याने पॉली लॉडरशी लग्न केलं. बर्नार्ड शॉसारखा नाटककार त्याचा जिवलग मित्र झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याने नौदलाच्या शारीरिक शिक्षणाची जबाबदारी सांभाळली. मुलगा जॉन पुढे कॅलिफोर्नियाचा सिनेटर झाला.

आणि डेम्प्सी? न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर त्याचं रेस्टॉरंट अनेक वर्षं चाललं. लोक येत, हात मिळवत, आणि त्या लांबलेल्या मोजणीबद्दल विचारत. ज्या माणसाशी त्याचं नाव त्या तेरा-चौदा सेकंदांनी जोडलं गेलं, तो टनी तोवर त्याचा मित्र झाला होता. दोघांची मैत्री म्हातारपणापर्यंत टिकली. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी टनी वारला. डेम्प्सी त्याच्यामागे साडेचार वर्षं जगला.

आपल्यातल्या कितीतरी जणांना पहिल्या फटक्यात काही जमत नाही. पुस्तक समजत नाही, परीक्षेत घसरतो, मित्रांसमोर फजिती होते. अशा वेळी मला नाक मोडलेला टनी आठवतो. रक्त पुसून, तोच माणूस पुन्हा वाचायला निघालेला.